साडेआठशे रुपयांचा कान

जेल रोडला मुर्तझाभाईंनी काउंटरवर तीन माइक ठेवले,
सराफ्यात अंगठ्या दाखवतात तसे, लाल कपड्यावर.
आमच्याकडे चार हजार,
त्यातले बाराशे पेट्रोलचे आणि पोह्यांचे.

पहिला लांब, बंदुकीच्या नळीसारखा.
रेणुकानं त्यात आमच्या फिल्ममधलं एकच वाक्य म्हटलं:
"मी जेवून आलेय."
हेडफोनमध्ये ती आली,
आणि तिच्यामागून अख्खा जेल रोड आत शिरला,
रिक्षांचे भोंगे, शटरची कुरकुर,
"ले लो भिया, आखरी पीस है."

दुसरा गलेलठ्ठ, स्टँडवर बसलेला.
आवाज असा की बातम्याच लागल्या.
तोंड त्याच्यात घालून बसावं लागतं,
चालायचं नाही, वळायचं नाही, रुसून खिडकीशी जायचं नाही.
शरयू म्हणाली, ह्याला नटी नको, निवेदक हवा.

तिसरा शेंगदाण्याएवढा.
एक वायर, एक चिमटा, साडेआठशे.
मी तोंड वाकडं केलं तेव्हा मुर्तझाभाई
चष्मा कपाळावर चढवत म्हणाले,
"माइक मत खरीदो भिया, दूरी खरीदो.
बित्ते भर से आगे गए तो लाख वाला भी बहरा."

वीत.
गोट्या सुटल्यापासून मी ह्या मापानं काही मोजलं नव्हतं.

लोकमान्य नगर, ताम्हन्यांचा वरचा मजला, रविवार.
रेणुकाच्या साडीला कडक खळ,
ती श्वास घेई आणि माइकमध्ये पापड मोडत.
शरयूनं तिला आतल्या खोलीत नेलं,
बँडेजच्या पट्टीनं तो शेंगदाणा ब्लाउजच्या काठाआड चिकटवला.
पंखा बंद. घड्याळ उशीखाली.
फ्रिज बंद, आणि स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये,
म्हणजे जाताना फ्रिज परत लावायची आठवण राहते.
सात-दहाला कचरागाडी आपलं गाणं घेऊन आली,
सगळी गल्ली बादल्या घेऊन उतरली,
आम्ही थांबलो.
खालच्या भागवतकाकूंनी कुकर अर्धा तास पुढे ढकलला,
अट एवढीच की आभारात नाव हवं,
"सौ." सकट.

सीन झाला. चार टेक, तिसरा बरा.

मग रिकाम्या खोलीचा आवाज.
तो लागतोच,
वाक्या-वाक्यांतल्या भोकांना ठिगळ लावायला.
शांततासुद्धा त्याच खोलीची लागते,
दुसरीची जुळत नाही.
अर्धा मिनिट कुणी हलायचं नाही, म्हटलं.
सात माणसं उभी राहिली,
कुणी एका पायावर, कुणी शिंक धरून,
रेणुका होती तिथेच, माइक अंगावर तसाच.

रात्री ते ऐकत होतो.
लांबचं कबूतर. कुणाचीतरी चप्पल.
एकोणिसाव्या सेकंदाला
खोल कुठेतरी गुरगुर.
वाटलं, फ्रिज.
पण फ्रिज बंद होता,
किल्ली तेव्हा आतच होती.

परत ऐकलं. मग आवाज वाढवून.

रेणुका देवासहून येते, पहाटेच्या पहिल्या बसनं.
सकाळी पोह्यांची बशी तिच्यापाशी आली
तेव्हा बशीवर आडवा हात धरून म्हणाली होती,
"मी जेवून आलेय."
आणि आम्ही सगळे हसलो होतो,
वा, संवाद पाठ झाला म्हणून.

तो तुकडा मी कापला नाही.
फाइलला नाव दिलं: खोली, शांत.
आता फिल्मभर दोन वाक्यांच्या मध्ये तीच पसरलीय,
ती गुरगुर तेवढी सोडून.

वहीत खर्च लिहिताना
माइक ८५०, बँडेज ३५,
त्याखाली पुढच्या रविवारचं:
जेवण. सगळ्यांचं.
माइक लावण्याआधी.