हत्ता

तुरीचा सौदा चालू होता आडतीवर,
आणि यांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून
चहा गळायला लागला.
मुनीम आधी हसला म्हणे.
त्याला वाटलं, गरम लागला असेल.

मग कुणी म्हणालं, अंगावरून वारं गेलं.
कुणी म्हणालं, औशाच्या पुढं एकजण तेल चोळतो
कबुतराचं रक्त घालून, चालत परत येतात लोक.
सगळी दुपार त्या रस्त्यावर गेली.
दिवेलागणीला लातूरच्या दवाखान्यात
डॉक्टरणीनं एवढंच विचारलं, किती वाजता झालं?
मी म्हणलं, अकराच्या सुमाराला.
तिनं घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं,
आणि पेनाला टोपण लावलं.
साडेचार तास असतात म्हणे. त्याच्या आत यायचं असतं.
जन्मभर दुसऱ्याचा माल वेळेवर काट्यावर चढवला या माणसानं.

गोळ्या? होत्या की बीपीच्या.
फ्रीजवर, हळदीच्या डब्यामागं, अर्धी पट्टी.
'मला काय धाड भरलीय?' म्हणायचे.

आता एकच शब्द उरलाय. एकावन्न.
पाणी दे, एकावन्न.
पंखा बंद कर, एकावन्न.
ईरण्णाचा फोन आला पुण्याहून, तर
एकावन्न, एकावन्न, एकावन्न,
आणि रडले.
शिव्या मात्र शाबूत आहेत, अख्ख्याच्या अख्ख्या.
तबस्सुम येते व्यायाम घ्यायला, ती म्हणते,
काकू, शिव्या डोक्यात वेगळ्या खणात असतात.
असतील.
तो खण आमच्याकडं पहिल्यापासूनच भरलेला.

उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच राहतो.
आंघोळीला मीच उचलते,
शेजारणीचं लेकरू उचलावं तसा,
जपून, आणि जरा परकेपणानं.
अडतीस वर्षं झाली लग्नाला.
चारचौघात हा हात माझ्या अंगाला लागला नाही कधी.
तो बाजारात असायचा, रुमालाखाली,
खरेदीदाराच्या बोटांत बोटं घालून.
तोंडं गप्प, भाव बोटांत.
कितीला तुटला, तिसऱ्याला पत्ता नाही.
पुढं बंद झाला म्हणे हत्ता. चोरूनमारून चालायचा.

परवा लायकअली चाचा आले.
तीस वर्षं समोरच्या बाजूला बसलेला माणूस.
बरं वाटतंय का, जेवता का, काही विचारलं नाही.
खुर्ची ओढली, खांद्यावरचा रुमाल काढला
आणि यांच्या डाव्या हातावर टाकला.
खाली काहीतरी हललं.
हे रागावले.
चाचांनी नकाराची मान हलवली.
परत हललं.
मग हे हसले, अर्ध्या तोंडानं.
लाळ गळाली, मी पुसायला गेले तर डोळे वटारले.
सौदा अर्धा टाकून तोंड कोण पुसतं!

त्या रात्री कूस बदलून दिली,
टाचेखाली उशी सरकवली, दिवा घालवला.
आणि मला काय वाटलं कुणास ठाऊक,
पदर टाकला त्यांच्या डाव्या हातावर
आणि आत हात घातला.
बराच वेळ काही नाही.
बाहेर टँकरचा पाइप कुणीतरी फरफटत नेत होतं.
मग माझी तीन बोटं धरली. सोडली.
अंगठ्याचं एक पेर दाबलं.
आणि थांबले.

मला भाव कळत नाही.
मी तसंच्या तसं परत दाबलं.

सकाळी पुन्हा एकावन्न.
ताट ढकललं, कढी माझ्या पायावर, वर शिवी.

चाचांना विचारलं मी आज, फाटकापाशी,
तीन बोटं आणि अंगठ्याचं पेर, म्हणजे किती हो?
ते म्हणाले, त्याचं असं आहे भाभी,
तुरीला वेगळं, सोयाबीनला वेगळं.
माल कोणता होता?