खवखव

मांगाइया बेटावरचे पुरुष सांगतात ती गोष्ट दोराची आहे.
सूर्य तेव्हा भरधाव जायचा.
मग कुणीतरी काथ्याचा फास टाकला,
तो जळला, दुसरा टाकला, तोही जळला,
सहावा टिकला.
सांगताना ते हवेतला दोर ओढून दाखवतात,
दंडाच्या बेटकुळ्या दिसतील अशा बेतानं.

तेउपोको ऐकून घेते.
उमू तिची आहे, म्हणजे जमिनीतली भट्टी.
तापलेले दगड ती काठीनं सारखे करते,
वर केळीची पानं, पोतं, माती.
म्हणते, दोरानं कधी कुणी थांबलंय?

तिची गोष्ट अशी:
तेव्हा विस्तव नव्हता. ऊन हाच विस्तव.
बायका अळकुड्या सोलून काळ्या खडकावर मांडायच्या,
एक बाजू जराशी मऊ व्हायची,
उलटायला जावं तो सूर्य समुद्रात.
रात्रभर सगळं बेट खाकरायचं.
अळकुडी कच्ची राहिली की काय होतं
ते ज्याचा घसा सोलवटलाय त्यालाच विचारा.
म्हातारे जीभ शहाळ्याच्या पाण्यात बुडवून बसायचे.
भांडणंसुद्धा होत नसत,
बोलणार कोण.

पुरुष दोर वळायला बसले.
एका बाईनं
(नाव तेउपोको सांगत नाही,
सांगितलं तर ती लाजेल म्हणते)
कलत्या उन्हात खडकावर पान मांडलं
आणि म्हणाली, अरे, रोज उपाशीच जातोस.
बस जरा. होतच आलंय. जेवून जा.

त्याला आजवर असं कुणी म्हणालं नव्हतं.
तो बसला.
बसला तो दगडांवरच, आणखी कुठे बसणार,
म्हणून त्या दगडांत अजून धग मुरलेली आहे,
म्हणून उमूला तेच काळे दगड लागतात,
पांढरे तडकतात.
आणि खाल्लं किती त्यानं?
"शिजलं होतं तेवढं सगळं," तेउपोको म्हणते.
"त्या रात्री बेट पुन्हा खाकरलं.
पण दुसऱ्या दिवशी तो सावकाश आला."

शनिवारी दुपारी चारला ती उमू उघडते.
फोन करवंटीला टेकवून ठेवलेला.
पलीकडे तुतेरू, ऑकलंडमध्ये.
तिथे रविवारची दुपार झालेली असते,
तिचा मुलगा कायम उद्यात राहतो.
शीतगृहात रात्रपाळी, मांसाचे खोके, उणे अठरा,
खिडकी नाही.

"दुकानातून अळकुडी आणली होती, आई. गोठवलेली."
"किती वेळ ठेवलीस?"
"बारा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये."
खाकरला.
तिच्याही घशात काहीतरी आलं.
"सूर्य तिकडे फार पळतो का रे?"
"बघितलाच नाही या आठवड्यात. झोपतो आता, रात्री—"
"थांब—"
पडद्यावर नुसतं तिचंच तोंड,
खालून बघितल्यासारखं, सगळी हनुवटीच.

शिजलेल्यांतली एक, मधली, पिठूळ,
तिनं सोलून खडकावर ठेवली, पश्चिमेच्या कडेला.
इथून निघालेला दोन तासांनी त्याच्या छपरावर असतो,
हा हिशेब तिला पाठ आहे.
"खा," ती म्हणाली, "पण या वेळी सगळं खाऊ नकोस."

कोंबडी आली. तिनं हाकलली.
परत आली.
प्रवाळाच्या कड्यावर ऊन टेकलं होतं.
ते अजून किती वेळ टेकतंय
हे बघत ती तिथेच बसली,
बोटं चिकट,
उघड्या भट्टीची वाफ गुडघ्यांवर घेत.