एसच्या आधी की नंतर

ग्रिम्सबीच्या गोदीमागे ऑर्मरॉडचं दुकान,
पितळी पाट्या कोरून मिळत.
दर अक्षराला सव्वा पौंड,
विरामचिन्हं फुकट.
मी तिथं मजकूर तपासायला होते,
कारण ऑर्मरॉडला त्याचंच इंग्रजी
लिहिताना दगा द्यायचं.

मिसेस स्टॅमर्स आल्या.
ओल्या कोटाच्या खिशातून चिठ्ठी काढली, पेन्सिलीची:
माय सन्स बेंच. लव्ह्ड धिस विंड.
आणि ते वरचं शेपूट, अपॉस्ट्रॉफी,
एसच्या बरोब्बर डोक्यावर.
ना आधी, ना नंतर.

मी विचारलं, मुलगा एक की अनेक?
आधी टाकलं तर एक, नंतर टाकलं तर जास्त.
त्या म्हणाल्या, दोन होते.
मग म्हणाल्या, थांबा.
एक होता. एक आहे.
रॉनल्ड ट्रॉलरवरून परतला नाही.
कॉलिन ऑकलंडला; एकोणीस वर्षांत
नाताळचं कार्डसुद्धा नाही.

लव्ह्ड कोरलं तर कॉलिनही बुडतो.
लव्ह कोरलं तर रॉनल्डचं ताट वाढावं लागतं.
हॅव लव्ह्ड, मी सुचवलं,
कधीतरी सुरू झालं आणि अजून चालूच आहे, असं.
त्या हसल्या.
"ते फक्त मला लागू पडतं.
आणि बाक काही माझा नाही."

ऑर्मरॉड आतून ओरडला,
दोन पाट्या करा, दुसरीला सूट देतो!
त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

मला आठवला आमचा अनुस्वार.
मुलाचा बाक, मुलांचा बाक.
टिंब द्यायचं राहिलं
की एक पोर घराबाहेर,
आणि गुरुजी कापायचे अर्धाच गुण.

शेवटी पेन्सिल माझ्या हातून घेऊन
त्यांनी वारा खोडला,
मग क्रियापद खोडलं.
"सव्वासोळा पौंड वाचले," म्हणाल्या,
"आणि ते शेपूट एसच्या पलीकडे घाला.
जरा सरकवून.
दोघं अंगानं थोराड होते."
"आहेत," मी म्हणणार होते. नाही म्हटलं.

धक्क्यावर तो बाक अजून आहे.
खाऱ्या हवेनं पितळ काळवंडतं,
आणि खाचेत हिरवा गंज भरतो,
सगळ्यात आधी त्या शेपटीत.
मिसेस स्टॅमर्स केसातली पिन काढतात,
तेवढंच कोरून साफ करतात,
अक्षरं तशीच ठेवून
घरी जातात.