आधी विसर्जन

पारुलबेननी टेबलावर मांडलं ते एवढंच:
जबड्याचा तुकडा, पाच-सहा मणके,
पाठीवरल्या हाडांच्या ढलप्या
आणि एक दात, कडेला करवतीसारखा.
सगळ्या नकला, खरी हाडं दूर कुठल्याशा कपाटात.
तरी दात कापसात ठेवलेला, सोनाराकडे नेतात तसा.
"दामूभाई, एवढ्यावरून पूर्ण प्राणी करायचाय.
नाताळच्या सुट्टीआधी."

मी गणपती करणारा माणूस. दांडिया बाजारात तिसरी पिढी.
मला सोंड येते, सुपाएवढे कान येतात,
उंदराच्या मिशा एका फटक्यात.
हे नाव तर जिभेवरून घसरत होतं.
टिकीसूकस. टिकी गावचा, शहडोलकडला.
मगरीच्या घराण्यातला, पण मगर नव्हे.
बावीस कोटी वर्षं झाली म्हणे.
कोटीत मोजलेले मला आजवर फक्त देव ठाऊक.

घराणं मगरीचं, म्हणून सकाळीच
विश्वामित्रीच्या पुलावर जाऊन उभा राहिलो.
खाली गाळावर चौघीजणी उन्हाला पडलेल्या, तोंडं उघडी टाकून.
स्कूटरवाले थांबून मोजत होते, एकाच्या हातात शेव-उसळीचा द्रोण.
मी वहीत पाय काढून घेतले:
बाहेर फेकलेले, कोपरात मोडलेले,
सतरंजीवर पत्ते खेळायला बसल्यासारखे.

तसेच केले. सळया वाकवल्या, जाळी बांधली,
काथ्या आणि प्लास्टरचा पहिला हात दिला.
पारुलबेन आल्या. चपला दारात काढल्या.
बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग माझ्या स्टुलाच्या पायावरून वरून खाली हात फिरवला.
"असे. पोटाखाली, सरळ.
हा सरपटत नव्हता, दामूभाई. हा चालत यायचा."

चालत यायचा.
त्या रात्री मला झोप नाही.
सरपटत्याचं भय समजतं,
उंबऱ्याशी फळी आडवी टाकता येते.
पण पोटाला धूळ न लावता
बैलासारखं एकेक पाऊल टाकत
जो येतो, त्याला उंबरा म्हणजे काय?

पाय पुन्हा केले.
वत्सला डबा घेऊन आली, भोवती एक फेरी मारली
आणि सवयीनं विचारून गेली,
"याचं विसर्जन कधी?"
मी हसलो. मग कालथा हातातच राहिला.

आमच्यात आधी मूर्ती, मग पूजा, मग पाणी.
याचं पाणी आधीच झालं.
गाळात बसला, गाळाचा दगड झाला,
वरून नद्या गेल्या,
त्यांना हाक मारायलाही कुणी नव्हतं.
आणि सगळं उरकल्यावर
आता मी याच्या प्राणप्रतिष्ठेला बसलोय,
गुडघ्यावर प्लास्टर, नाकात प्लास्टर.

डोळे शेवटी करायचे, ही आमची रीत.
रंग विचारला.
"ठाऊक नाही. कुणालाच नाही. तुम्ही ठरवा."
एवढं मोकळं मला कुणी कधी सोडलं नव्हतं.
गणपतीला गिऱ्हाईक सांगतं, जरा हसरे करा,
जरा आमच्या दादांसारखे.
याचं सांगायला कोण येणार?
पितळी केले. आधी फार भूक घातली त्यांत,
मग मुलं येणार म्हणून ओल्या फडक्यानं
थोडी पुसून घेतली.
थोडीच.

कमाटीबागेजवळ हॉल उघडला त्या दिवशी
एक पोरगं दोरीखालून थेट त्याच्या पोटाशी शिरलं.
"काका, इथे काहीतरी टोचतंय."
जुन्या पायांच्या सळया. दोन-दोन इंच,
बाहेरच्या अंगाला वळलेल्या.
कापायच्या राहून गेल्या होत्या.

कानस घेऊन मी खाली आडवा झालो.
वर माझंच प्लास्टर, त्यात माझ्याच अंगठ्याचे ठसे.
टोकं तेवढी घासली, टोचणार नाहीत अशी.
पारुलबेन वाकून बघत होत्या.
"निघाल्या?"
मी म्हटलं, "आता लागणार नाहीत कुणाला."