शेपटी

नोटीस कन्नडात होती.
खानापूरला दहावी केलेली मी एकटीच,
म्हणून वाघरोच्या दगडापाशी, माझ्याभोवती सगळी वाडी.
वाचत गेले, मराठीत वळवत गेले:
भीमगड अभयारण्य, कलम अमुक, पोटकलम तमुक.
एका शब्दाशी अडखळले
तर जानू लांबोर म्हणाले, "ह्यो नको सांगूस. ह्यो कळला."
अतिक्रमण.
दोन्ही भाषांत तसाच आहे तो.

मग दाव्याचा अर्ज. तीन पिढ्या,
पंचाहत्तर वर्षं, पुरावा जोडा.
उतारा नाही कुणाकडे.
कागद आमच्यात टिकत नाही,
चार महिने धुकं खातं, आठ महिने वाळवी.
धुळू झोरे पैसे घेऊन नंदगडला गेला, भाड्याच्या खोलीत;
म्हशी विकल्या, गळ्यातल्या घंटा तेवढ्या नेल्या.
त्याचं नाव यादीत ठेवायचं का?
यावर भांडण झालं. ठेवलं.

निंगनगौडा सर्वेअर चांगला माणूस.
यंत्र वर धरून हिंडला.
जांभळीखाली उपग्रह दिसेना, तर बसून ताक प्याला.
वाघरोपाशी आला, वहीत लिहिलं:
दगड, एक.

"वाघ लिहा," जानू म्हणाले.
"तुमच्या कायद्यात त्यो पयल्या यादीत,
आमच्यात बी त्योच पयला.
तुमी त्याला राखताय ते बरंच हाय.
पर इथं त्याला राखायला कोण व्हतं,
त्येबी इचारा त्याला."

आणि हात जोडून, माफी मागून,
नखाने शेंदराचा एक पापुद्रा काढला:
आत दुसरा, त्याच्या आत तिसरा,
दर वाघबारशीला एक,
तळाशी गेलं की काळा पडलेला, कुणी लावला ते नाव नसलेला.
"मोजा."
निंगनगौडाने भिंग काढलं नाही. चष्मा मात्र पुसला.

पुरावा जोडा म्हणाले होते,
जोडला.
भाताच्या शिताने, अर्ज क्रमांकाच्या शेजारी.
कचेरीतल्या बाईंनी बोट लावून बघितलं,
बोट लाल झालं, ते पदराला पुसावं की नाही
हे त्यांना ठरवता येईना.
शिक्का मारला. पुढची तारीख दिली नाही.

परतीच्या बशीत पोचपावती उलगडली.
जानू म्हणाले, वाच.
"हक्कु," मी म्हणाले.
"हक्कच की."
"हो. शेवटी एक उकार जास्त."
त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला,
कधीच न शिकलेल्या त्या अक्षरावर
बराच वेळ बोट ठेवलं.
"शेपटी हाय," म्हणाले.