पान

क्यारमच्या ताटलीत लेट्यूस मीच टाकलं होतं.
अरागात्स डोंगराखालची आमची शाळा,
काचांवर वाफ, सातवीचा वर्ग जेवायला बसलेला.
तो यझिदी. त्यांच्यात हे चालत नाही म्हणे.
का, ते त्यालाही धड सांगता येईना,
कान तेवढे लाल झाले.

मुख्याध्यापक म्हणाले, "पालाच तो. खाऊन टाक.
इथं सगळ्यांना सारखंच."

तेव्हा अर्पेनिकबाई डाव हातात घेऊनच बाहेर आल्या,
गळ्यात क्रॉस, भुवईला पीठ.
"सर, मला विचाराल तर हा खुळचटपणा आहे.
मी रोज खाते, मीठ लावून.
पण पान ज्याचं त्याचं."

ताटली उचलून त्यांनी घासली. दोनदा.
जणू खरंच काहीतरी लागलं होतं तिला.

मग माझ्याकडे वळल्या:
"ईस्टरपर्यंत तुझी आई चीजला शिवत नाही ना?
तिच्या भाकरीवर लोणी फासायला
उद्या कुणाला पाठवू?"

मी काहीच बोललो नाही.
क्यारमनं आभार मानले नाहीत,
माझ्याकडे पाहिलंही नाही.
त्याला भूक लागली होती.
ओल्या ताटलीत वाढलेलं
तो भराभरा जेवत राहिला.