बद्द आवाज

माझं टेबल उत्तरेच्या खिडकीशी आहे.
त्यावर दोन भिंगं, सोनाराचा तराजू,
आणि लिंबाच्या सालींची वाटी,
हातांचा तांब्याचा वास जावा म्हणून.
तेवीस वर्षं मी पंपांच्या कारखान्यात
पितळेचे काप आरशासारखे घासले
आणि त्यांतले कण मोजले.
कारखाना बंद पडला. डोळे राहिले.
आता प्लोवदिवमधले लोक जुनी नाणी घेऊन येतात,
रुमालात, काडेपेटीत,
एकदा एकानं पावात खुपसून आणलं होतं.

वेलिच्को दोन घेऊन आला.
गिलाव्याचं काम करतो, नखांत चुना.
"बापानं आम्हां भावांना एकेक दिलं.
दोन्ही एकाच जागी सापडली म्हणायचा,
मारित्साकाठच्या द्राक्षमळ्यात.
स्तामेनचं आता माझ्याकडे आलंय."
कसं आलं, ते मी विचारलं नाही.
कोटाला काळी फीत होती.

दोन्हींवर तोच नदीदेव,
कोपरावर रेललेला, हातात लव्हाळा,
कुशीत कलंडलेली घागर.

त्यानं आधी स्वतःचं टाकलं.
खण्ण.
आवाज छताला जाऊन परत आला.
मग भावाचं.
बद्द.
शर्टाचं बटण पडावं तसं.
"बिचारा स्तामेन," तो म्हणाला,
"जन्मभर म्हणायचा, बाप तुझाच."

खणखणीत ते खरं,
हे मीही लहानपणी बाजारात शिकले होते.
कालच्या नाण्याला ते लागू पडतं.

काशाचं काय असतं, वेलिच्को,
बाहेरून एकसंध दिसतं,
पण आतून खडीसाखर,
कणानं कणाला धरलेलं.
मग मातीतलं पाणी येतं.
त्याला घाई नसते, अठराशे वर्षं हाताशी असतात.
ते कणात शिरत नाही,
दोन कणांमधल्या बांधाबांधानं चालत जातं
आणि वाटेत तांबडं काहीतरी ठेवत जातं.
पकड सुटते. आकार तेवढा राहतो.
असलं नाणं वाजणार कसं?
नाद निघतो
आणि पहिल्याच बांधावर अडतो.

आता तुझं बघ, इथे, भिंगाखाली.
हिरवा रंग दारावर मारल्यासारखा,
खरवडला की लगेच पिवळं.
मध्ये लाल थर नाही.
कडेला साच्याचा सांधा, कानशीनं पुसलेला.
देवाच्या दाढीत बुडबुड्यांचे खड्डे.
हे ओतलेलं आहे. फार तर तुझ्या वयाचं.

तो चिडला नाही.
"आणि स्तामेनचं खरं, याला पुरावा?"
पुरावा आत आहे, म्हटलं,
आणि आत बघायचं तर मोडावं लागतं.
मी मोडत नाही.

त्यानं ते उचललं, नुसतं बघायला,
दोन अंगठ्यांत धरून.
गिलावा करणाऱ्याचे अंगठे.
बिस्किटासारखा आवाज झाला.

आम्ही दोघंही वाकलो.
मोडलेल्या कडेवर कण न् कण वेगळा,
डाळिंब फोडल्यासारखा लाल,
आणि प्रत्येकावर खिडकी,
माझी खिडकी, एवढीएवढीशी.
कारखान्यात इतकं सुंदर काही
माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं,
आणि हे त्याला सांगायची ती वेळ नव्हती.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं,
"बापाला ठाऊक होतं?"
मी धातू बघते, म्हटलं.
उत्तर कोरडं झालं, ते मलाही कळलं.

त्यानं दोन्ही तुकडे कापसात गुंडाळले,
पैसे मोजून ठेवले, मी नको म्हणत असतानाही.
खण्ण वाजणारं तसंच टेबलावर राहिलं.
विसरला की ठेवून गेला, सांगता येत नाही.

संध्याकाळी आवरताना माझं कोपर लागलं.
ते फरशीवर पडलं आणि वाजत राहिलं,
इतका वेळ, की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.
टेबलावर एक लाल कण राहिला होता.
ओल्या बोटानं उचलला.
कुठे ठेवावा, सुचेना.
बोट तसंच धरून
उजेड जाईपर्यंत बसले.